दाखल क्रमांक एकशे सतरा

सोमवार, १७ नोव्हेंबर. दुपारी ४.

ही वही लिहायला घेण्याचं कारण एकच. माझ्याविरुद्ध तक्रार आली आहे आणि शाळेने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे.

चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात काढली. अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. तिथे मी इतरांकडून किती खुलासे मागवले त्याची गणती नाही. माझ्याकडे कुणी मागितला, तो हा पहिला. तोही हौसेने अंगावर घेतलेल्या कामात. तारीखवार नोंद असली की माणूस अडचणीत येत नाही. म्हणून आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवण्यासाठी नाही.

घटना अशी. ऑगस्टमध्ये एका देणगीदाराने आमच्या कॉलनीजवळच्या प्राथमिक शाळेला गोष्टींची २१२ पुस्तकं दिली. मुख्याध्यापक धम्मपाल पगारे सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर विचारलं, मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून कुणी वेळ देईल का. मी दहा मिनिटांत हो कळवलं. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालेली बाई मी. माझ्यापेक्षा योग्य कोण.

गेल्या शुक्रवारी, बालदिनी, मी मोजणी केली. २११ भरली. क्रमांक ११७, ‘कासवाची एसटी’, पाने सोळा, गायब.

चौथीतली संजना गेले दोन महिने हेच पुस्तक मागत होती. कव्हर घालून झाल्यावर मिळेल, असं मी तिला तीनदा सांगितलं होतं. कपाटातली पुस्तकं एकेक उघडून बघताना तिला दोनदा पकडलंही होतं. त्यामुळे वर्गात जाऊन तिचं दप्तर तपासणं तर्काला धरूनच होतं. दप्तर टेबलावर उलटं केलं. निघालं ते असं: डबा, वह्या, अर्धा खोडरबर, कंगवा, आणि रबरबँड लावलेला एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा. वडील सटाणा डेपोत ड्रायव्हर आहेत म्हणे. पुस्तक नाही.

दप्तरात नाही म्हणजे घेतलंच नाही, असं होत नाही.

आज तिची आजी शाळेत आली. मालनबाई. नामपूरच्या. इथे मुलांच्या एका मेसमध्ये पोळ्या करतात आणि नातीला शिकवतात. मनगटापर्यंत पीठ, तशाच आल्या. ऑफिसात सगळ्यांसमोर आपल्या बोलीत म्हणाल्या, मनी नात चोर नई शे. तुमनं पुस्तक तुमले लखलाभ. पगारे सरांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. नंतर सर मला हळू आवाजात म्हणाले, मॅडम, दोन ओळी लिहून द्या, मी मिटवतो.

दोन ओळी! विषय चार पानांचा आहे.

संकल्प: रोज नोंद. रोज वीस पानं वाचन. चहा दोनदाच. आवाज चढवायचा नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

खुलाशाचा तिसरा मसुदा. पार्श्वभूमी, वस्तुस्थिती, अभिप्राय, जोडपत्रं. ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, उत्तम उतरलाय, फक्त शेवटी त्या पोरीने राजीनामा कोणाकडे द्यायचा ते लिही. हे पाटबंधारे खात्यात होते. तिथे कामाची पद्धतच ढिली.

संजना काल आली नाही, आजही नाही. गैरहजर राहणं हेही एक प्रकारचं उत्तर असतं. हे वाक्य चौथ्या मसुद्यात घालणार.

वीस पानं झाली नाहीत. जाडी कादंबरी गणपतीपासून पान ३८ वर आहे. लेखन चालू असताना वाचन होत नाही.

चहा चार.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

कामाचा आढावा लिहून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर.

मी घेण्याआधी पुस्तकं ऑफिसच्या कोपऱ्यात नुसती पडलेली असायची. मुलं जमिनीवर लोळून ती बघायची. आता सर्व पुस्तकं लोखंडी कपाटात, कुलपात. २१२ पैकी २१२ ना खाकी कव्हर. उजव्या कोपऱ्यात एकसारखी चिठ्ठी, चिठ्ठीवर दाखल क्रमांक. शुक्रवारी साडेबारा ते एक देवघेव. आधी हात धुऊन दोन्ही बाजूंनी दाखवायचे. परत करताना दहा ओळींचा सारांश आणि शेवटी बोध. बोध नसेल तर पुढचं पुस्तक नाही. परिणाम: चार महिन्यांत एकही पान फाटलेलं नाही.

रजिस्टरवर सव्वीस नोंदी. त्यातल्या पंधरा चौथीच्या वर्गशिक्षिका स्नेहा मॅडमच्या नावावर. त्या पुस्तक नेतात आणि शेवटच्या तासाला मुलांना वाचून दाखवतात. आवाज बदलून. मुलांना आयतं मिळतं. मी त्यांना याबद्दल समज दिली होती.

आज कपाटाशी दोन मुलं आली. मी लगेच चावी काढली. दोघांना खडू हवा होता. खडूची पेटी खालच्या कप्प्यात असते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

खुलासा सादर केला. चार पानं, तीन जोडपत्रं. सरांनी वाचला नाही, पेपरवेटखाली ठेवला आणि चहा घेणार का विचारलं. घेतला.

देवघेवीला पाच मुलं. त्यातला समर्थ म्हणाला, मॅडम, वाघाचं कोणतं? मी यादी दाखवली. वाघ १४, ६२ आणि १८९ मध्ये आहे. त्याने रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, सगळी एकाच युनिफॉर्ममधे उभी आहेत, वाघ कोण आणि ससा कोण काय कळतंय. आणि खेळायला पळाला. हल्ली मुलांत चिकाटी नाही.

जिना उतरताना चौथीच्या वर्गातून ऐकू आलं. कुणीतरी विचारलं, इथं कोण बसतं रे? दुसरा म्हणाला, एकशे सतरा. आज पण नाही आली.

स्नेहा मॅडमना विचारलं. म्हणाल्या, आठ दिवस झाले, सगळे तिला तेच म्हणतात. मी रागावले तर माझ्यासमोर म्हणत नाहीत, एवढंच.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की दाखल क्रमांक कुणाच्या तरी लक्षात राहतो आहे. लिहून झाल्यावर हे वाक्य बरं दिसत नाही. पण नोंदीत खाडाखोड करायची नसते. राहू दे.

शनिवार, २२ नोव्हेंबर. सकाळी १०.४०.

११७ सापडलं.

त्याच दिवशी, ११.१५.

सविस्तर लिहिते.

थंडी वाढल्यामुळे हॉलमधल्या दिवाणाची गादी गच्चीवर उन्हात टाकायची ठरवली. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. गादी उचलली. खाली फळीवर खाकी कव्हर, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं अक्षर.

दिवाळीच्या सुट्टीत पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा कव्हरं घालायला घरी आणला होता. कव्हर घातलं की पुस्तक गादीखाली दाबून ठेवायचं, म्हणजे घडी कडक बसते. ही माझी शाळेपासूनची पद्धत. बाकीची काढली. हे एक आत सरकलं असावं. भाऊबीजेला आलेला माझा भाऊ दोन रात्री त्यावर झोपला. भाऊ वजनदार आहे. घडी अतिशय सुरेख बसली आहे.

गेला आठवडाभर ही वही मी त्याच दिवाणावर बसून लिहिली. खुलाशाचे चारही मसुदे तिथेच.

ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि गादीचं आपलं टोक सोडून दिलं. एक शब्द बोलले नाहीत. चाळीस वर्षांत प्रथमच.

सोमवारी शाळा उघडताच पगारे सरांना सांगणार. उभ्यानेच. एका वाक्यात.

दुपारी ४.

पुनर्विचार केला. पुस्तक जागेवर परत जाणं महत्त्वाचं. ते कुठून आलं हा तपशील झाला. तपशिलाने कुणाचा फायदा होतो? शिवाय एका मोजणीतल्या चुकीमुळे लोकांचा संपूर्ण वाचन चळवळीवरचा विश्वास उडेल.

वाचन चळवळ म्हणजे मी आणि कपाट, असं हे मोठ्याने म्हणाले. मी मनातल्या मनात लिहीत नव्हते वाटतं.

रविवार, २३ नोव्हेंबर.

घरात आहेच तर म्हणून ११७ वाचलं. एक कबुली: २१२ पैकी मी वाचलेलं हे पहिलं पुस्तक. कव्हरांतून वेळ मिळाला नव्हता.

कासव एसटीचा ड्रायव्हर असतं. गाडी सगळ्या थांब्यांवर थांबते, थांबा नसेल तिथेही थांबते. शेळी आपल्या पिल्लांना मोजून चढवते, एक कमी भरतं, म्हणून सगळी गाडी खाली उतरून पिल्लू शोधते. ते कासवाच्या सीटखाली झोपलेलं असतं. गाडी पोचते तेव्हा बाजार उठलेला असतो. मग सगळे गाडीतच बाजार मांडतात.

चार मिनिटं लागली. मग पुन्हा वाचलं. शेळी कुणावरही संशय घेत नाही. सगळ्यांना खाली उतरवून शोधायला लावते, पण कुणाची पिशवी उघडत नाही. लेखकाच्या हे लक्षात आलं नसावं.

सारांश लिहून पाहिला. नियम सर्वांना सारखा. नऊ ओळी झाल्या. बोध सापडला नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

पुस्तक पर्समध्ये घेऊन दहाला शाळेत पोचले. सर मीटिंगमध्ये असतील म्हणून थांबले. ते मीटिंगमध्ये नव्हते. खुर्चीत बसून काकडी खात होते आणि मला दोनदा म्हणाले, या मॅडम. मी खडूची पेटी तपासायला गेले. चाळीस मिनिटं तपासली. खडू व्यवस्थित आहेत.

अकरा वाजता ११७ हे ११६ आणि ११८ यांच्या मध्ये ठेवलं. जागेवर फार शोभून दिसलं.

योजना: उद्या स्नेहा मॅडमना साक्षीला घेऊन फेरमोजणी. पुस्तक मिळेल. सगळे म्हणतील, चला, मिळालं. विषय संपेल. संजनाचं नावही आपोआप स्वच्छ होईल. विचार केला तर खरं सांगण्यापेक्षा ही पद्धत सर्वांनाच सोयीची आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

फेरमोजणी केली. ११७ आल्यावर मी “अरे!” म्हटलं. बरं जमलं नाही.

स्नेहा मॅडम मला म्हणाल्या, या कप्प्यात बालदिनी मी स्वतः तीनदा बघितलं होतं. मग पुस्तक हातात घेतलं, कव्हरला चिकटलेला कापूस दोन बोटांनी काढला, फुंकून टाकला आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

नंतर ऑफिसात शिपाई गोटीराम म्हणाला, बघा, आलं का नाय बरोब्बर? शाळेत तक्रार आल्यावर घाबरली म्हातारी. कोणाच्या तरी हातानं गुपचूप ठेवून दिलं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, चला, परत तर केलं, पोर लहान आहे, आता ताणू नका.

सगळ्यांनी माना हलवल्या. सर माझ्याकडे बघत होते.

म्हणजे दहा दिवस जो फक्त संशय होता, तो मी काल स्वतःच्या हाताने पुस्तक कप्प्यात ठेवून पक्का केला.

मी काहीही बोलले नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते. बोलायला पुरेसा वेळ होता. मी चहा घेतला.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

संविधान दिन. मैदानावर उद्देशिकेचं वाचन. माइकवर तिसरीतली एक मुलगी होती. “सार्वभौम”ला अडखळली, पुढे गेली, छान झालं.

कार्यक्रम संपल्यावर पगारे सर माझ्या शेजारी उभे राहून म्हणाले, हे वाचन संजना करणार होती. दीड महिना तयारी चालली होती. सार्वभौम, गणराज्य, सगळं तोंडपाठ नाही, वाचून. पहिलीत आली तेव्हा तिला आपली मराठी कळायची नाही, सगळं घरच्या बोलीत. स्नेहा मॅडम गोष्टी वाचून दाखवायला लागल्या आणि पोरीनं पकड घेतली.

मी म्हटलं, हो का.

मैदानावर धुकं नव्हतं तरी चष्मा धुरकट होण्याचं कारण कळलं नाही. डॉक्टरांना दाखवणार.

उद्या मालनबाईंच्या घरी जाणार. नक्की.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

गुडघा. शिवाय तिकडचा रस्ता खोदलेला आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

गेले. पाव किलो पेढे घेतले. मग वाटलं, पेढे म्हणजे लाच दिसते. परतीच्या वाटेवर पेढे आपल्याच पिशवीत राहिले तर प्रश्नच नाही, असा विचार करत गल्लीत शिरले. दाराला कुलूप. मला किती हलकं वाटलं हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

शेजारच्या अक्काबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनीच सांगितलं. मालन कामावर, पोरगी बी तिच्यासंगच. घरात एकटी ठेवत नाय. शाळेत जा म्हटलं की पोरीच्या पोटात दुखतं. दाखला काढून राहिलेत. बुधवारी बाप येईल, नामपूरला नेईल. तुम्ही कोण?

मी म्हटलं, शाळेतून. त्या म्हणाल्या, त्या दप्तरवाल्या बाईला सांगा, पोरगी रात्रीची आकडे बडबडती.

मी म्हटलं, सांगते.

पेढे अक्काबाईंना दिले. त्यांनी विचारलं, कशाचे?

शनिवार, २९ नोव्हेंबर.

शाळेत खात्री केली. दाखल्यासाठी अर्ज आला आहे. खाली मालनबाईंचा अंगठा नाही, सही आहे. वाकडी, पण सही. कारण: “गावी जाणे”. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

माफीपत्र लिहायला बसले. दिवाणावर नाही, स्टुलावर. “सदर पुस्तक अनवधानाने निम्नस्वाक्षरीकर्तीच्या निवासस्थानी राहून गेल्याचे निदर्शनास आले असून…” तीन मसुदे झाले. ह्यांना दाखवले. हे म्हणाले, वाचून असं वाटतं की चोरी गादीने केली आणि तू तिला पकडून दिलंस.

मग म्हणाले, उज्वला, ती पोळ्या लाटणारी बाई आहे. तिला निदर्शनास आणून नको देऊ. सांग.

रविवार, ३० नोव्हेंबर.

सांगितलं.

मेसचं स्वयंपाकघर. मालनबाई लाटत होत्या, संजना पोळ्यांना तेल लावून चवड रचत होती. मला बघून पोरीने तेलाचं भांडं उचललं आणि आत गेली. मालनबाईंनी लाटणं थांबवलं नाही. कुठल्या तुम्ही, असं विचारलं. नाशिकची, म्हटलं. खरं तर मी सटाण्याची आहे. आई घरात शेवटपर्यंत मालनबाईंसारखंच बोलायची. नाशिकला कॉलेजात आले त्या वर्षी मी ते सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगता आलं असतं. का नाही सांगितलं ते माहीत नाही.

मी सुरुवात केली, त्याचं असं झालं की दिवाळीच्या सुट्टीत काही पुस्तकं. त्या म्हणाल्या, बाई, तवा तापेल हाय. सरळ सांगा.

पुस्तक माझ्याच घरी होतं, म्हटलं. गादीखाली. मीच ठेवलं होतं. सापडल्यावर गुपचूप कपाटात ठेवलं. सगळ्यांना वाटतं तुम्ही पाठवलं. मी वाटू दिलं.

त्यांनी आणखी दोन पोळ्या लाटल्या. मग म्हणाल्या, हे मला कशाला सांगता? मला म्हाईतच होतं, माझी नात हाय ती. दप्तर वर्गात उलटं केलं ना? मंग सांगनं बी वर्गातच. उद्या पोरीला घेऊन येते. दारात उभी करते. तुम्ही सांगा, ती ऐकंल.

मी म्हटलं, मुलांसमोर शिस्तीच्या दृष्टीने… त्या म्हणाल्या, ती बी मूलच हाय.

सोमवार, १ डिसेंबर.

पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. चौथीच्या वर्गात उभी राहिले. मागे पगारे सर आणि स्नेहा मॅडम. दारात मालनबाई, त्यांच्या पदराला धरून संजना. गणवेशात नव्हती.

मी म्हटलं, मुलांनो, ग्रंथालयाच्या व्यवस्थापनात कधीकधी काही त्रुटी. त्रुटी कुणालाच कळली नाही. मग मी म्हटलं, पुस्तक संजनाने नेलं नव्हतं. ते माझ्या घरी होतं.

समर्थने हात वर केला. म्हणाला, मॅडम, मग आता तुमचं दप्तर बघायचं का?

सर पुढे यायला लागले. मी हाताने थांबवलं आणि पर्स टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर, गुडघ्याचं मलम, सेफ्टी पिना, आवळा सुपारी, कपाटाची चावी, आणि घड्या घातलेले तीन कागद. मुलं बाकांवरून उठून भोवती आली. मलमाचा वास घेतला. समर्थने एक कागद उघडला आणि मोठ्याने वाचायला लागला, सदर पुस्तक अन… अनव… आणि अडकला.

दारातून आवाज आला, अनवधानाने.

सगळ्यांनी मागे बघितलं. संजना पदर सोडून दोन पावलं आत आली होती. कागद तिच्यापासून तीन हात लांब होता. म्हणाली, म्हणजे काय?

मी म्हटलं, म्हणजे मी विसरले होते.

ती बघत राहिली. तेव्हा पुढचंही सांगितलं. सापडल्यावर लपवलं. तुझं नाव खराब होत होतं, ते दिसत होतं, तरी लपवलं. मला लाज वाटली म्हणून. चूक तुझी नव्हती, माझी आहे.

आवाज चढला नाही. हा एक संकल्प पुरा झाला.

बाहेर आल्यावर मी मालनबाईंना विचारलं, आता दाखला नको ना? माझ्या हिशेबाने इथे प्रकरण संपत होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलं, बरं केलं. पन पोरगी जाईल. तिथं तिला कोनी आकड्यानं हाक मारत नाय.

पगारे सरांनी माझा चार पानी खुलासा परत दिला. म्हणाले, फाईलला लावला नव्हता, मॅडम. आता थोडा आराम करा. हे वाक्य मी स्वतः किती कारकुनांना ऐकवलं आहे. त्याचा अर्थ मला समजतो.

बुधवार, ३ डिसेंबर.

शेवटची नोंद.

काल सरांच्या परवानगीने चौथीच्या मुलांनी सर्व कव्हरं काढली. मी स्टुलावर बसून बघत होते. अर्ध्या तासात चार महिन्यांचं काम ढिगाऱ्यात गेलं. खाली वाघ निघाले, सशाचे कान निघाले, एक जांभळी म्हैस निघाली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलं जमिनीवर लोळत होती. एक पान फाटलं. स्नेहा मॅडमनी टेप लावला. कुणी ओरडलं नाही.

आज अकराला संजनाचे वडील मल्हारी आले, ड्रायव्हरच्या खाकी कपड्यांत. दाखला घेतला, घडी करून खिशात ठेवला. माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर आहे.

मी संजनाला बोलावून ११७ पुढे केलं. कव्हर नसलेलं, लाल एसटी वर. म्हटलं, हे तुझं. कायमचं. परत आणायचं नाही. मला वाटलं, मी फार योग्य गोष्ट करते आहे.

ती म्हणाली, ते नको.

मी म्हटलं, तुला तर हेच हवं होतं. ती म्हणाली, आता नको.

पुस्तक माझ्या हातात तसंच राहिलं. स्नेहा मॅडम म्हणाल्या, मग तुला हवं ते बघ. ती जमिनीवर बसली. एकेक उचललं, उघडलं, बाजूला ठेवलं. सारांश लिहावा लागंल का, असं खाली बघूनच विचारलं. नाही, म्हटलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गोटीराम वडिलांना म्हणाला, दादा, गाडी चुकंल ना तुमची. ते म्हणाले, माझ्याशिवाय ती सुटत नाय. घे गं तू निवांत.

वीस मिनिटांनी तिने एक पुस्तक दप्तरात घातलं आणि वडिलांचं बोट धरलं. माझा हात सवयीने रजिस्टरकडे गेला. मागे घेतला.

मुलं वर्गाच्या खिडकीतून ओरडली, संजना, टाटा. नावाने. तिने मागे बघितलं नाही.

हस्तांतरण. देणार: मी. घेणार: स्नेहा मॅडम, वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी.

लोखंडी कपाट, कुलपासह, एक. चाव्या दोन. देवघेव रजिस्टर एक, पानं बहुतेक कोरी. खाकी कव्हरं, काढलेली, एक पोतं. खडूची पेटी एक.

पुस्तकं २११, क्रमांक ११७ धरून.

एक पुस्तक संजनाला दिलं. कोणतं, ते मी पाहिलेलं नाही. परतीची तारीख नाही.